अमेरिकेतली शेती, सरकारी चेक आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकेतल्या शेती सबसिडीवर दोन पानं आली होती, त्यावर एवढे मेसेज आले की संपादकांनी सगळा गठ्ठा माझ्याकडे ढकलला, कारण मी इकडे मध्य-पश्चिमेत शेतकऱ्यांच्या हिशोबाचं आणि टॅक्सचं काम करते. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, सारखे वाटले ते प्रश्न एकत्र केलेत आणि "अमेरिकेत जमीन घेऊन शेतकरी व्हायचंय, मार्गदर्शन करा" टाईपचे सात-आठ मेसेज सरळ बाजूला ठेवलेत, राग मानू नका.

ताई नमस्कार, मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही आयोवातल्या छोट्या गावात राहतो. कुणाला सरकारकडून किती पैसे मिळाले त्याची यादी इथे उघड असते, कुणीही बघू शकतं. आमच्या शेजारच्या काकांच्या नावावर साडेचार लाख डॉलर दिसले! आणि हेच काका सरकार फुकट्यांना पोसतं म्हणून तावातावाने बोलत असतात. एवढे पैसे खरंच मिळतात का? — एक वाचक, आयोवा

मिळतात, पण तुम्ही बघितलेला आकडा बहुतेक १९९५ पासूनची बेरीज असणार. अशा याद्या तिथूनच सुरू होतात. साडेचार लाखाला तीस वर्षांनी भागा, वर्षाला पंधरा हजार डॉलर झाले. आणि ते काही दरवर्षी सारखे येत नाहीत, एखादं वर्ष कोरडं जातं आणि २०२० सारख्या वर्षी धो धो पाऊस पडतो, त्या वर्षी देशभरातल्या शेतकऱ्यांना थेट मिळालेले पैसे ४५ अब्ज डॉलरच्या पुढे गेले होते, कोविडची मदत आणि त्याआधीच्या व्यापारयुद्धाची भरपाई धरून. काकांचे त्या एका वर्षाचे पैसे बघा, उंच खांब दिसेल.

नावं उघड का असतात तर तिथला माहितीचा कायदा १९६६ चा आहे, त्याखाली संस्थांनी आणि पेपरवाल्यांनी भांडून भांडून ही माहिती काढली. पण यादीत नसतं तेही सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे. पीकविम्याचा हप्ता सरासरी साठ टक्क्यांच्या वर सरकार भरतं, उरलेला शेतकरी भरतो, विमा विकतात खाजगी कंपन्या, आणि कुणाच्या हप्त्याला सरकारने किती हात लावला हे कायद्यानेच नावानिशी जाहीर करता येत नाही. बाकी योजनांना माणशी मर्यादा आहे, याला तीही नाही. म्हणजे मोठा शेतकरी जितके जास्त एकर विमा काढेल तितकी सरकारची मदत जास्त, आणि ती यादीत दिसणार नाही. तेव्हा काकांचा आकडा एका बाजूने फुगलेला आहे आणि दुसऱ्या बाजूने कमी आहे, दोन्ही एकाच वेळी.

काकांच्या भाषणाबद्दल काय बोलू. माझे निम्मे क्लायंट तसेच बोलतात आणि फॉर्म मात्र वेळेत भरतात. हे पैसे उत्पन्न म्हणून टॅक्समध्ये दाखवावे लागतात, सरकारकडून तसा कागद येतो जानेवारीत, तो माझ्या टेबलावर ठेवताना चेहरे बघण्यासारखे असतात.

आम्ही सांगली जिल्ह्यातले शेतकरी. तुमच्या लेखात 'बेस एकर' असा शब्द आला तो काही डोक्यात शिरला नाही. पेरलं त्याचे पैसे मिळतात की जमीन आहे म्हणून मिळतात? सातबाऱ्यावरच्या पीकपाण्यासारखं आहे का काही? — एक शेतकरी वाचक

पीकपाण्याच्या नोंदीसारखंच, फक्त नोंद कित्येक वर्षांपूर्वीची आणि त्यानंतर जवळजवळ गोठवलेली! असं समजा. त्या जमिनीवर पूर्वी जी पिकं घेतली गेली त्याच्या इतिहासावरून ठरलंय की या शेताला मक्याचे इतके बेस एकर, सोयाबीनचे इतके, गव्हाचे इतके. नोंद जमिनीला चिकटलेली, माणसाला नाही. जमीन विकली तर बेसही गेला. आज तुम्ही त्या शेतात काय पेरलंय याच्याशी पेमेंटचा थेट संबंध नाही, गव्हाचा बेस असलेल्या जमिनीत सोयाबीन लावलं तरी पैसे गव्हाच्या हिशोबानेच येतात. भाजीपाला किंवा फळं काही प्रमाणाबाहेर लावली तर मात्र पैसे कापून घेतात.

आता हिशोब. दोन मुख्य योजना आहेत, दोन्ही २०१४ च्या शेती कायद्यातून आल्या. त्याआधी १९९६ पासून एक थेट पेमेंट होतं, भाव चांगला असो वाईट असो ठराविक पैसे यायचेच, ते लोकांना फारच खुपायला लागलं म्हणून बंद केलं. नव्यापैकी पहिली पीएलसी, ती भावावर चालते. काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, प्रत्येक पिकाला भावाची एक पातळी ठरवून दिलीय, मक्याला बुशेलमागे ४.१० डॉलर (आधी ३.७० होती, २०२५ च्या जुलैत वाढवली), सोयाबीनला १० डॉलर, गव्हाला ६.३५. मागची काही वर्षं भाव चढे असले तर ही पातळी अजून थोडी वर सरकते, ते सोडून देऊ. मक्याचा बुशेल म्हणजे साधारण २५ किलो. समजा वर्षभराचा देशाचा सरासरी भाव ३.९० निघाला. फरक २० सेंट. तुमच्या शेताचं कागदावर धरलेलं पीक एकरी १५० बुशेल असेल तर एकरी ३० डॉलर, त्यातले ८५ टक्केच देतात म्हणजे साडेपंचवीस, ५०० बेस एकर असतील तर १२,७५० डॉलर. तुम्ही स्वतः मका कितीला विकला हे कुणी विचारत नाही. हुशारीने पाच डॉलरला विकला असेल तरी पेमेंट येणार, आणि घाईत साडेतीनला घालवला तरी तेवढंच येणार.

दुसरी आर्क. ही भाव आणि पीक किती आलं ते दोन्ही बघते, पण पीक तुमचं नाही, अख्ख्या काऊंटीचं (काऊंटी म्हणजे आपल्या तालुक्या-जिल्ह्यासारखा भाग). गेल्या पाच वर्षांचे आकडे घेतात, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा काढून टाकतात, उरलेल्यांची सरासरी काढतात आणि काऊंटीचं यंदाचं एकरी उत्पन्न, म्हणजे पीक गुणिले भाव, त्याच्या ९० टक्क्यांच्या खाली गेलं (आधी ८६ होते) तर फरक देतात, तोही एका मर्यादेपर्यंत.

काऊंटीची सरासरी हा शब्द साधा वाटतो पण वाद तिथेच होतात. गारपीट तुमच्याच चार शेतांवर झाली आणि बाकी काऊंटीत पीक जोरात आलं तर आर्कमधून एक सेंट मिळणार नाही. उलट तुमचं शेत जोमात असेल आणि काऊंटीच्या दुसऱ्या टोकाला दुष्काळ असेल तर मिळेल! आयोवात, इलिनॉयमध्ये काऊंट्यांच्या हद्दी बऱ्याच ठिकाणी सरळ रेघेत रस्त्याने जातात, रस्त्याच्या या बाजूच्याला एकरी पैसे आले आणि त्या बाजूच्याला शून्य असं योजनेच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत इतक्या वेळा झालं की कॉफीच्या दुकानात दुसरा विषय नव्हता. माती तीच, पाऊस तोच, बियाणंसुद्धा एकाच डीलरचं.

आणि हे पैसे येतात कधी? पीक निघालं की त्याच्या पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतर, कारण वर्षभराचा सरासरी भाव ठरायला वर्ष जावं लागतं. २०२५ च्या पिकाचे २०२६ च्या ऑक्टोबरमध्ये. ज्या वर्षी अडचण आहे त्या वर्षी हातात काही नाही, बँकेचा माणूस तर मार्चमध्येच दारात उभा असतो.

२०१८-१९ ला चीनशी भांडण झालं तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांना सरकारने वेगळे पैसे दिले होते, त्याचं काय झालं? — एक वाचक, पुणे

चीनने २०१८ च्या जुलैत अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के कर लावला, भाव कोसळला. सरकारने दोन वर्षांत मिळून २३ अब्ज डॉलरच्या आसपास वाटले, तेही काँग्रेसला वेगळं विचारायची गरज न पडता, कारण १९३३ पासूनचं एक सरकारी महामंडळ आहे त्याला खजिन्यातून कर्ज उचलून हे करता येतं. पहिल्या वर्षी पिकावर दर लावला, सोयाबीनला बुशेलमागे १.६५ डॉलर आणि मक्याला एक सेंट. हो, एक सेंट, टायपिंगची चूक नाही. मकावाले भयंकर चिडले. म्हणून दुसऱ्या वर्षी काऊंटीवार एकरी एकच दर काढला, १५ पासून १५० डॉलरपर्यंत, तुम्ही पात्र पिकांपैकी काहीही पेरा दर तोच, आणि पुन्हा हद्दीच्या दोन बाजूंना वेगवेगळे दर! शेजारच्या काऊंटीत कापूस किंवा सोयाबीन जास्त होतं म्हणून त्यांना जास्त. यातून शिकून पुढे काही बदललं असं म्हणावं तर डिसेंबर २०२५ मध्ये परत १२ अब्जांची मदत जाहीर झाली, भाव पडलेत आणि खर्च वाढलेत म्हणून. माझं मत विचाराल तर तात्पुरत्या मदतीची सवय लागली की मूळ योजना नीट करायची गरज कुणालाच वाटत नाही, आणि बियाणंवाले खतवाले जमीनमालक सगळे तो पैसा गृहीत धरूनच आपले दर लावतात.

मी इलिनॉयमध्ये डॉक्टर आहे, एच वन बी वर. गुंतवणूक म्हणून ८० एकर शेतजमीन घेतली आणि एका स्थानिक शेतकऱ्याला कसायला दिलीय. सबसिडी मला मिळेल का त्याला? — एक डॉक्टर वाचक

डॉक्टरसाहेब, आधी दुसरंच सांगते, ते जास्त महत्त्वाचं आहे. तुम्ही नागरिक नाही आणि ग्रीन कार्डही नाही, म्हणजे १९७८ च्या एका कायद्याप्रमाणे शेतजमीन घेतल्यापासून ९० दिवसांत कृषी खात्याच्या काऊंटी ऑफिसला त्याचा रिपोर्ट द्यावा लागतो. न दिल्यास दंड जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. व्हिसावरच्या कितीतरी लोकांना हे माहीतच नसतं, वकील सांगत नाही, एजंट तर नाहीच नाही. राहिलं असेल तर उद्याच जा, स्वतःहून गेलेल्या माणसाशी ते बरं वागतात. शिवाय काही राज्यांत परदेशी माणसाने शेतजमीन घेण्यावरच बंधनं आहेत, पुढची जमीन दुसऱ्या राज्यात बघत असाल तर आधी तिथला कायदा वाचा.

आता सबसिडी. ठराविक रोख खंडाने दिली असेल तर पेमेंट कसणाऱ्याचं, तुमचा त्यात वाटा नाही. पिकात हिस्सा ठरला असेल, अर्धलीने म्हणा तिसऱ्या वाट्याने म्हणा, तर पेमेंटही साधारण त्याच हिश्श्यात वाटलं जातं, कारण नियमाप्रमाणे ज्याने पिकाची जोखीम घेतली त्याला पैसे. पण तुम्ही ग्रीन कार्ड नसलेले परदेशी नागरिक, तुमच्यासाठी अट अशी की जमीन, भांडवल आणि अंगमेहनत तिन्ही तुमचं हवं. ड्युटी संपवून ट्रॅक्टर चालवणार आहात का? नाही ना, मग सोडून द्या.

तुमच्या खंडातून मात्र तो पैसा तुमच्यापर्यंत येतोच. बेस एकर चांगले असलेल्या जमिनीचा खंड जास्त निघतो, कसणाऱ्याला दिलेल्या मदतीतला काही भाग हळूहळू खंडात आणि जमिनीच्या भावात मुरतो हे कृषी अर्थशास्त्रवाले कधीपासून सांगतायत. रोख खंडावर कसणारा तरुण शेतकरी आणि शहरात राहणारा मालक यात कागदावर पैसे पहिल्याला मिळतात, टिकतात दुसऱ्याकडे.

शेती न करण्याचे पैसे अमेरिकेत मिळतात हे खरं का हो? आमच्या ग्रुपवर यावरून खूप जोक फिरतात. — एक वाचक, नागपूर

खरं आहे, पण तीन वेगवेगळ्या गोष्टी एका जोकमध्ये कोंबल्या जातात.

सगळ्यात जुनी १९३३ ची. मंदीत भाव मातीमोल झाले होते, कापूस आणि गहू एवढा की उचलायला कुणी नाही, तेव्हा रूझवेल्ट सरकारने पेरणी कमी करा आम्ही पैसे देतो असा कायदा केला. त्या वर्षीचा कापूस पेरून झाला होता म्हणून साधारण एक कोटी एकरांवरचा उभा कापूस नांगरून टाकला आणि साठ लाख डुकराची पिल्लं मारली, लोक उपाशी असताना, त्यावरून जो गदारोळ झाला तो अजून पुस्तकांत आहे. पण जास्त वाईट गोष्ट कमी लोकांना माहीत असते. दक्षिणेत जमीन मालकाची आणि कसणारे वाटेकरी, गोरेही आणि काळेही. चेक आला मालकाच्या नावाने. वाटेकऱ्याचा हिस्सा देणं लांबच, जमीनच कमी पेरायची आहे म्हणून हजारो कुटुंबांना झोपडीतून बाहेर काढलं. १९३४ ला आर्कान्सामधल्या टायरोन्झा गावाजवळ काळ्या-गोऱ्या कुळांनी मिळून युनियन काढली ती यातूनच. १९३६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायदा रद्द केला आणि १९३८ ला दुसरा आला, त्याच्यावरच आजची सगळी इमारत आहे.

दुसरी सीआरपी, १९८५ पासून. धूप होणारी, हलकी, ओढ्याकाठची जमीन १० ते १५ वर्षं पिकाखालून काढायची, गवत किंवा झाडं लावायची, सरकार त्याचं वार्षिक भाडं देतं आणि भाड्याचा दर त्या काऊंटीतल्या मातीवरून ठरतो. २००७ मध्ये जवळपास ३.७ कोटी एकर यात होते, आता बरेच कमी. यातला एक नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. एका काऊंटीतल्या पिकाऊ जमिनीपैकी साधारणपणे २५ टक्क्यांपेक्षा जास्त यात घेत नाहीत. कारण जमीन पड ठेवली तर मालकाला भाडं मिळतं, पण बियाणं विकणारा, फवारणीवाला, धान्याची कोठारं, ट्रॅक्टर दुरुस्तीवाला यांना कुणी भाडं देत नाही, अर्धी काऊंटी गवताखाली गेली तर गावच बसेल. ऐंशीच्या दशकात हे नुसतं कागदावरचं भय नव्हतं, मेन स्ट्रीटवरची दुकानं तशीही धडाधड बंद होतच होती.

तिसरी विम्याची. पावसाने पेरताच आलं नाही तर ठरलेल्या विम्याचा काही भाग मिळतो. २०१९ च्या वसंतात एवढा पाऊस झाला की १.९ कोटी एकरांहून जास्त जमीन पेरायची राहिली. त्याला शेती न करण्याचे पैसे म्हणणं म्हणजे अतीच, चिखलात रुतलेल्या पेरणीयंत्राचा फोटो ग्रुपवर टाका जोकच्या खाली.

मी एमए राज्यशास्त्र करतेय. काऊंटी ऑफिसमध्ये निर्णय कोण घेतं, शेतकरी की अधिकारी? — विद्यार्थिनी, कोल्हापूर

छान प्रश्न. दोघंही, आणि हे तुला अभ्यासाला मस्त आहे. काऊंटीची एक कमिटी असते, ३ ते ११ जणांची, शेतकरी शेतकऱ्यांनाच निवडून देतात, तीन वर्षांची मुदत. नोव्हेंबरमध्ये मतपत्रिका घरी येतात, डिसेंबरच्या सुरुवातीला परत द्यायच्या. ऑफिसचा मुख्य अधिकारी पगारी, पण त्याची नेमणूक ही कमिटी करते. नियम वॉशिंग्टनचे, मात्र स्थानिक एकरी पीक किती धरायचं, एखाद्याचा उशिरा आलेला अर्ज घ्यायचा का, तक्रारीत तथ्य आहे का, असल्या गोष्टी इथे ठरतात.

ऐकायला आदर्श लोकशाही. आता उलटी बाजू बघ. जिथे जमीनदार गोरे आणि कमिटीवर तेच, तिथे काळ्या शेतकऱ्यांचे कर्जाचे अर्ज महिनोन्महिने पडून राहायचे, पेरणी उलटून गेल्यावर मंजूर व्हायचे नाहीतर मंजुरीच कमी रकमेची. नॉर्थ कॅरोलिनाच्या टिमोथी पिगफर्ड या शेतकऱ्याच्या नावाने खटला चालला, १९९९ मध्ये कृषी खात्याने तडजोड केली, बहुतेक पात्र लोकांना ५० हजार डॉलर प्रत्येकी, आणि वेळेत अर्ज न पोचलेल्यांसाठी २०१० मध्ये काँग्रेसने अजून एक अब्ज डॉलरहून जास्त मंजूर केले. २०२४ मध्ये परत, सरकारी शेतकर्जात भेदभाव सोसलेल्या ४३ हजार जणांना मिळून दोन अब्ज वाटले. तोवर त्यातल्या बऱ्याच जणांची जमीन गेलेली होती. तू प्रबंध लिहिणार असशील तर पेमेंटच्या आकड्यांपेक्षा कमिट्यांच्या जुन्या निवडणुका बघ, कोण उभं राहिलं, किती जणांनी मत दिलं.

एका कुटुंबाला जास्तीत जास्त किती मिळू शकतं? — दोघातिघांचा प्रश्न

माणशी मर्यादा आर्क-पीएलसीला १,२५,००० डॉलर होती, २०२५ पासून १,५५,००० झाली आणि आता महागाईप्रमाणे वाढत जाणार. वर्षाचं सरासरी उत्पन्न ९ लाख डॉलरच्या वर असेल तर सहसा बाद. पण नवराबायको दोघांची मर्यादा वेगळी, भागीदारीत प्रत्येक भागीदाराची वेगळी, आणि २०१८ च्या कायद्याने कुटुंबाच्या व्याख्येत भाचे, पुतणे, चुलत-मामे भावंडंसुद्धा आणून बसवली. "शेतीच्या व्यवस्थापनात सहभाग" एवढं दाखवायचं. काही जण फोनवर भावाला विचारतात यंदा काय पेरलंस, झाला सहभाग. मर्यादेत न बसणारा मोठा शेतकरी मी अजून पाहिला नाही, मर्यादेत न बसणारी कागदपत्रं पाहिलीत.

भाजीपालावाल्यांना काय? — एक वाचक, नाशिक

आर्क-पीएलसीतून जवळजवळ काही नाही. मका, सोयाबीन, गहू, कापूस, भात, भुईमूग आणि अशी आणखी थोडी पिकं, संपलं. टोमॅटो, सफरचंद, द्राक्षं यांना पीकविमा आहे, संशोधनाला आणि मार्केटिंगला पैसे आहेत, आपत्तीची मदत असते. कॅलिफोर्नियातला द्राक्षवाला अजूनही पाणी आणि मजूर याच दोन गोष्टींवर बोलतो, सबसिडीचा विषय काढलात तर तो तुमच्याकडे बघतच राहील.